पिकलेले पाणी

“टाकी आज न्या. मासे महिन्याने,” दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

काकांना वाटले, बाई थट्टा करत आहेत. मासे विकायच्या दुकानात मासे मागितले तर महिन्याने या म्हणायचे, ही दुकानदारीची रीत त्यांनी कुठे पाहिली नव्हती. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत काचेच्या टाक्या, सगळीकडून बुडबुड्यांचा आवाज, आणि मधल्या बोळात दोन माणसे समोरासमोर आली की एकाने मागे सरकायचे. बाई पन्नाशीच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले. बोलता बोलता त्या एका काचेवरचे शेवाळ खरवडत होत्या आणि गिऱ्हाइकाकडे पाहायची त्यांना फारशी गरज वाटत नव्हती.

“महिना कशाला?” काकांनी विचारले.

“पाणी पिकायला लागतं. नव्या टाकीतलं पाणी कच्चं असतं. त्यात मासा टिकत नाही, काका.”

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितले असते तर चालले असते. काकांनी शहराच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात बत्तीस वर्षे काढली होती. क्लोरीन किती सोडायचा, दर तासाला नमुना कुठून घ्यायचा, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळाला औषधाचा अंश उरतो की नाही, हे पाहण्यात त्यांची उमर गेली. पुराच्या एका वर्षी ते नऊ दिवस घरी आले नव्हते, केंद्रातच टेबलावर झोपत होते. आजूबाजूच्या गावांत जुलाबाची साथ आली आणि शहरात एक माणूस आजारी पडला नाही. निवृत्तीला तीन वर्षे झाली तरी ओळखीचे लोक त्यांना क्लोरीनकाकाच म्हणत. त्यांच्या खिशात तपासणीच्या औषधाची बाटली आणि एक बारीक काचनळी असे. कुणाच्या घरी गेले आणि पाणी पुढे आले की आधी त्यातले थोडे नळीत घ्यायचे, वर थेंब टाकायचा, पिवळा रंग आला तरच पेला तोंडाला लावायचा. यजमानांची तोंडे बघून काकू शरमेने अर्ध्या व्हायच्या.

तेव्हा काकांनी बाईंना जरा आवाज चढवूनच सांगितले, की पाण्यातले मला कळते. पाणी शुद्ध असते नाहीतर अशुद्ध असते, ते पिकत नाही.

“तुम्ही माणसांचं पाणी बघितलंत,” बाई म्हणाल्या, आणि शेवाळ खरवडत राहिल्या.

काकांना महिना परवडण्यासारखा नव्हता. त्याचे कारण घरी खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी काकू आंघोळीहून येताना दारातच कोसळल्या. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी निघाली. जिवावरचे टळले. डावा हात आणि डावा पाय आठ-दहा आठवड्यांत बऱ्यापैकी वळणावर आले. वाचा शाबूत, आठवण शाबूत, आणि जिभेची धार होती त्याहून थोडी जास्तच. पण जगाची डावी बाजू काकूंच्या लेखी उरली नव्हती. डोळ्यांत दोष नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले. डोळ्यांना दिसते, मेंदू तिकडे लक्षच देत नाही. काकू ताटातले उजवीकडचे जेवण संपवायच्या आणि पोट भरले नाही म्हणून कुरकुरायच्या. ताट फिरवून दिले, की हे आधी का नाही वाढले म्हणून वर आणखी बोलणी. केस उजव्या बाजूचे विंचरायच्या, डावीकडचे तसेच राहायचे. पोस्टात पत्रांची वर्गवारी करण्यात ज्या बाईने सगळी नोकरी काढली, चाळीस खणांतल्या कुठल्याही खणात न बघता पत्र टाकायची जिला सवय, तिचे वीस खण एका सकाळी कुणीतरी उचलून नेले होते. बरे, गेले आहेत हेही तिला पटत नव्हते. “मला काही झालेलं नाही, तुम्हालाच काळजी करायची हौस,” हे रोजचे.

आणि काकांना बसायला सांगितले होते नेमके डावीकडे.

व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा एक थेरपिस्ट मुलगी येई. वयाने त्यांच्या लेकीपेक्षाही लहान, पण बोलायला पक्की. तिने पहिल्याच दिवशी बजावले होते, “काका, तुम्ही त्यांच्या डावीकडेच बसायचं. उजवीकडे जाऊन बसलात की त्यांना वळायचं काही कारणच राहणार नाही.” काका शिस्तीचे माणूस. ते डावीकडे बसू लागले. हाताच्या अंतरावर बसून त्यांनी हाक मारली, की काकू उजवीकडच्या भिंतीकडे बघून ओ द्यायच्या. ते खोकले, की कामाच्या बाईला विचारायच्या, साहेब बाहेरून आले का गं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या देताना मात्र काका उजवीकडून जात. खुर्चीला वळसा घालून दोन पावले टाकली, की बायको भेटायची. तिचा चेहरा खुलायचा, कुठे उंडारता म्हणून ती दटावायची, आणि गोळी गिळून झाली की काकांनी परत आपल्या जागेवर जायचे. ते त्यांच्या फार जिवावर यायचे. एखादे दिवशी गोळी सापडत नसल्याचे सोंग करून ते पाच मिनिटे जास्त काढत, आणि मग थेरपिस्टला तोंड दाखवताना त्यांना चोरट्यासारखे वाटे.

सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होते, पुढे वेग मंदावतो, असे डॉक्टर म्हणाले होते. चार महिने गेले होते.

डावीकडे काहीतरी हलते ठेवा, ही कल्पनाही थेरपिस्टचीच. लंबकाचे घड्याळ झाले, लुकलुकणारा दिवा झाला. टीव्ही डावीकडे हलवला, तर काकू उजवीकडे तोंड करून नुसता ऐकू लागल्या. मांजर आणायचे म्हटले, तर काकूंना मांजर चालत नव्हते. मग मुलगी म्हणाली, मासे आणा. दिव्यासारखे एका जागी राहणारे नको, उजवीकडून डावीकडे जाणारे आणि जिवंत असे काहीतरी हवे. मासा नजरेसमोरून निघून गेला, की तो गेला कुठे, असे एक दिवस त्यांना वाटले पाहिजे.

म्हणून दुकानात काकांनी टाकी निवडली ती इतरांसारखी नव्हे. लोक येत, गोल भांडी बघत, निळ्या पाठीचा कागद बघत, आत ठेवायचे किल्ले आणि शिंपले बघत. काका घरून खुर्चीचे माप घेऊन आले होते. त्यांना टाकी हवी होती लांब आणि बुटकी, चार फुटांची. तिचे उजवे टोक काकूंच्या नाकासमोर येईल आणि उरलेली सगळी टाकी डावीकडे पसरेल, असा हिशोब. आत गवत नको, किल्ला नको. मासा लपता कामा नये. मासे कुठले, यावर बाईंनी मात्र जरा रस घेतला. फुगीर पोटाचे, झालरीच्या शेपटीचे सोनेरी मासे दिसायला राजस, पण एका जागी डुलत राहणारे. त्यांच्या शेजारच्या टाकीतले साधे, एका शेपटीचे, नारिंगी. त्यांना कुणी विचारत नसे.

“हे चालतात खूप,” बाई म्हणाल्या. “या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दम म्हणून नाही.”

“हेच पाहिजेत. चार.”

“महिन्याने.”

“परवा,” काका म्हणाले. बाईंनी खांदे उडवले. दुकान त्यांचे असले तरी मासे गिऱ्हाइकाचे.

टाकी बसवण्यात मात्र काकांना नावे ठेवायला जागा नव्हती. पाणी आणि खडी मिळून वजन पावणेदोनशे किलोंच्या घरात जाणार हे त्यांनी कागदावर मांडले आणि लोखंडी स्टँड करून घेतला. पाणसळ लावून तो समतल केला, वर थर्माकोलचा पत्रा टाकला, त्यावर टाकी. खडी सात पाण्यांनी धुतली. नळाचे पाणी दोन दिवस उघड्या पिंपांत ठेवून क्लोरीन उडू दिला, आणि नळीत थेंब टाकून पाहिला. रंग आला नाही. बत्तीस वर्षे रंग आला नाही की त्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा, आज रंग आला नाही म्हणून ते खूश झाले. फिल्टरचा पंप लावला, त्याचा स्पंज उकळत्या पाण्यातून काढला. टाकी भरली तेव्हा पाणी असे दिसत होते, की आत पाणी आहे हे सांगावे लागले असते. थेरपिस्ट मुलगी तर म्हणाली, दवाखान्यातसुद्धा इतकं स्वच्छ काही नसतं.

काकांनी चार मासे आणून आत सोडले. काकूंना समोरचा उजवीकडचा फूटभर भाग दिसत होता. तेवढ्यात एक मासा आला.

“एका माशासाठी एवढा खटाटोप?” काकू म्हणाल्या. बाकीचे तीन डावीकडे फिरत होते. मग तोही वळून गेला. काकू शांतपणे रिकाम्या पाण्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळाने मासा परत आला.

“आला,” त्या म्हणाल्या. मधल्या वेळात तो कुठे होता, असा प्रश्न त्यांना पडला नाही. सूर्य मावळतो आणि उगवतो, त्यात विचारायचे काय, तसे.

तिसऱ्या दिवशी पाण्यावर दुधट झाक आली. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. पाचव्या दिवशी सकाळी एक आडवा झाला, संध्याकाळपर्यंत दुसरा. काकांनी केंद्रातल्या प्रयोगशाळेत अजून नोकरीत असलेल्या जुन्या सहकाऱ्याला गाठून नमुना तपासला. अमोनिया भरपूर निघाला. नदीच्या पाण्यात अमोनिया निघाला की वर कुठेतरी गटार मिसळते आहे हे उघड असते, आणि गटार मिसळते आहे म्हटल्यावर काय करायचे हे काकांच्या हाताला पाठ होते. सातव्या दिवशी उरलेले दोन गेल्यावर त्यांनी टाकी उपसली, ब्लीचिंग पावडरने आतून बाहेरून धुतली, खडी उकळली, स्पंज तर असा चोळला की तो निम्मा झाला. नवे पाणी. पुन्हा दुकान, पुन्हा चार मासे. बाई मासे पिशवीत घालताना म्हणाल्या, की तुम्ही ऐकत नाही, मी तरी किती सांगू. काका दिवसाआड स्पंज औषधात धुऊ लागले. कुठे बोटाला बुळबुळीत लागले, की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

ते चार मासे नऊ दिवस टिकले.

काकूंना त्यातले काही कळले नाही. “मासा आज आला नाही,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि डुलकी काढू लागल्या. काका मेलेला मासा हातात घेऊन त्यांच्या डावीकडे उभे होते. खोटे कशाला सांगायचे, त्या क्षणी त्यांना माशाचे फार वाईट वाटले नाही. हिच्या लेखी आपण आणि हा मासा सारखेच, एवढाच विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आल्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीत मासा पुरला आणि चपला घातल्या.

“आता देणार नाही,” दुकानवाल्या बाई त्यांना बघताच म्हणाल्या. “राग मानू नका. माझ्याच हातून गेलेले आठ मासे आहेत ते.”

काका वाद घालायच्या तयारीने आले होते. पण चालून आल्याने त्यांना धाप लागली होती, आणि बाईंनी पुढे केलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर ते बसले, ते बसलेच. मग त्यांनी सांगितले. ताटाचे सांगितले, केसांचे सांगितले. आपण हाक मारतो आणि ती भिंतीला ओ देते, हे सांगताना ते समोरच्या टाकीकडे बघत राहिले. सहा महिन्यांतले किती उरले तेही सांगितले. बाई ऐकत होत्या. पहिल्यांदाच त्यांचे हात थांबले होते.

“मला वाटलं, नातवाचा हट्ट असेल,” त्या म्हणाल्या.

“आमची लेक परगावी. नातू नाही अजून.”

“मग हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं?”

काकांनी मान खाली घातली. पाण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवायचे, हेच पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नव्हते, तर बाकीचे सांगणार कुठून?

बाई दुकानाच्या मागे गेल्या. एका जुन्या मोठ्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक स्पंज काढला. तपकिरी, जड, ठिबकणारा. तो त्यांनी पाण्यासकट पिशवीत घातला आणि गाठ मारून काकांच्या मांडीवर ठेवला.

“सहा वर्षं चालू असलेल्या टाकीतला आहे. घरी जाऊन तुमच्या टाकीत पिळा. मग तसाच तुमच्या फिल्टरात बसवा. आणि धुवायचा नाही.”

“हा पिळायचा? पिण्याच्या—” काका म्हणाले आणि थांबले. “ही घाण आहे.”

“ही घाणच मासा जगवते. मासा जे टाकतो ते खाणारे बारीक जीव आहेत यात. पाणी पिकतं म्हणजे तेच वाढतात. तुम्ही प्रत्येक वेळी त्यांनाच मारत होता, काका. ते मेले की मासा आपल्याच घाणीत गुदमरतो.”

बाईंनी हे अगदी सहज सांगितले, रस्ता विचारणाऱ्याला डावे-उजवे सांगावे तसे. काकांनी पिशवी नाकाजवळ नेली. वास ओल्या मातीचा होता. या वासाची त्यांची ओळख होती. केंद्राच्या जुन्या अंगाला वाळूच्या दोन गाळण्या होत्या, काका नोकरीला लागले तेव्हाच्या. त्या वाळूवर हिरवट तपकिरी साय धरायची. काकांनी नव्या उत्साहात एकदा ती सगळी खरवडून काढली होती, तर म्हातारे सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, बाळा, पाणी गाळत होती ती ही साय. वाळू नुसती बसून असते. पुढे त्या गाळण्या बंद झाल्या, मोठे क्लोरीनचे यंत्र आले, आणि काका ते विसरून गेले. लक्षात ठेवायची गरजच पडली नाही.

घरी येऊन त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि टाकीसमोर उभे राहिले. पाणी काचेसारखे होते. काकू खुर्चीत जाग्या होत्या, उजवीकडे खिडकीतून रस्ता बघत होत्या. काकांचा हात काही पुढे होईना. शहरातल्या चार लाख माणसांच्या पाण्यात असला एक थेंब जाऊ नये म्हणून हा हात बत्तीस वर्षे राबला होता. शेवटी त्यांनी स्पंज पाण्याखाली धरला आणि पिळला. तपकिरी ढग सुटला आणि टाकीभर पसरला. त्यांनी पुन्हा पिळला. खडी दिसेनाशी झाली. काकांनी हात बाहेर काढला. तो साबणाने धुवायला त्यांनी सवयीने पाऊल उचलले, मग तसेच थांबले आणि ओला हात लेंग्याला पुसला.

“कसला वास येतोय?” काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या. “कुठे पाऊस पडला वाटतं.”

बाईंनी तीन आठवडे सांगितले होते. ते काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचे, म्हणजे त्या बारीक जीवांची उपासमार होत नाही. खाणारा दिसत नाही आणि वाढणारा वाढतो आहे, असा तो कारभार. काका नमुना काढायचे, अमोनिया मोजायचे आणि वहीत लिहायचे. आकडा वर गेला, थांबला, आणि मग रोज थोडा थोडा उतरू लागला. काचेवर आतून पातळ हिरवट थर आला. तो पुसायला त्यांचे हात शिवशिवत, म्हणून त्यांनी फडकी कपाटात ठेवून दिली. थेरपिस्ट मुलीने विचारले, टाकी एवढी मळकी कशी हो झाली. काका म्हणाले, मळकी नाही, पिकतेय. हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून ते जरा दचकले.

आकडा शून्यावर आला त्या दिवशी ते दुकानात गेले. बाईंनी वही पाहिली, एक नारिंगी मासा दिला, दुसरा मागूनही दिला नाही. एक टिकू दे, म्हणाल्या.

तो टिकला. आठवडा झाला, दहा दिवस झाले. मासा उजव्या भिंतीपासून डाव्या भिंतीपर्यंत जायचा आणि परत यायचा, पाळीवरच्या पहारेकऱ्यासारखा. काका टाकीच्या डाव्या टोकापलीकडे स्टुलावर बसून असायचे. काकूंचे आपले “आला” चालूच होते.

बाराव्या दिवशी मासा गेला आणि काकू म्हणाल्या, “हा सारखा जातो कुठे?”

थेरपिस्ट मुलगी तेव्हा त्यांच्या पायाचा व्यायाम घेत होती. तिचे हात थांबले. तिने काकांकडे पाहिले आणि बोलू नका अशी खूण केली. काकू उत्तराची वाट बघत राहिल्या, पण वळल्या नाहीत. मासा परत आल्यावर त्या त्याच्यावर रागावल्या, एवढेच. जाताना मुलगी दारात म्हणाली, “काका, आता उत्तर तुम्ही द्यायचं नाही. त्यांचं त्यांना शोधू द्या. आणि आवाज तर अजिबात नको. आवाज आला की त्या उजवीकडे वळतात.”

काकूंची चिडचिड वाढली. रोज पाच-सहा वेळा त्या माशाला जाब विचारू लागल्या. एकदा त्यांनी उजवा हात लांब करून काच चाचपली आणि काच पुढेही आहे हे लक्षात येऊन हात झटकन मागे घेतला, दुसऱ्याच्या खोलीत पाऊल पडल्यासारखा. काका बघत होते. सहावा महिना संपायला चार दिवस होते. ते कुणाशी बोलले नव्हते, पण घडले नाही तर काय, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवले होते: खुर्चीला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसायचे, कायमचे, आणि थेरपिस्टला काय म्हणायचे ते म्हणू द्यायचे.

त्या सकाळी नाश्ता झाल्यावर काकू खुर्चीत बसल्या. खिडकीतून ऊन टाकीवर आले होते आणि मासा त्यात चांगला पेटलेला दिसत होता. तो उजव्या टोकाला थोडा वेळ घुटमळला, मग वळून निघाला. फूटभर पुढे गेला. काकूंच्या लेखी तो इथे संपायचा.

काकूंची हनुवटी हलली. मान बोटभर डावीकडे आली आणि अडकली. मासा पुढे सरकला. काकूंनी ओठ घट्ट मिटले, पोस्टात हस्ताक्षर लागत नसले की मिटायच्या तसे, आणि मान आणखी वळली. मागोमाग डावा खांदाही थोडा फिरला. गेले सहा महिने काका जिला हाक मारत होते ती वळत होती, आणि आता हाक मारायची नव्हती. त्यांनी स्टुलाची कड घट्ट पकडली, स्टूल करकरू नये म्हणून.

मासा डाव्या भिंतीला येऊन थांबला. काकूंची नजर त्याच्यावर येऊन थांबली. मग ती काचेतून पलीकडे गेली.

“अहो,” काकू म्हणाल्या. “कधी आलात?”

“आत्ताच,” काका म्हणाले.

“मग एवढ्या लांब काय बसलात? पाहुण्यासारखे?”

काकांना बोलायचे खूप होते. त्यांनी नुसते हसून मान हलवली. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, सरळ, पूर्ण, कपाळापासून पायांपर्यंत. चष्मा वाकडा बसलाय तुमचा, म्हणाल्या. काकांनी चष्मा नीट केला.

मग मासा वळला. काकूंची मान त्याच्याबरोबर हळूहळू उजवीकडे गेली आणि उन्हात येऊन स्थिरावली.

“गेले वाटतं,” त्या खिडकीला म्हणाल्या.

काका जागचे हलले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून ते स्टुलावर ताठ बसून राहिले, चष्मा पुन्हा एकदा सरळ केला, आणि मासा परत यायची वाट बघू लागले.